गाडीच्या साउंडच्या कामाला मीटर कोणता घ्यावा

माजलगावच्या एका मुलाने विचारलंय: "काका, बीडला तीन वर्षं साउंडच्या दुकानात हाताखाली काम केलं. आता दिवाळीनंतर गावातच स्वतःचं दुकान टाकतोय. मीटरसाठी सहा हजार बाजूला काढलेत. इलेक्ट्रिकच्या दुकानात हजार अँपिअरचा टाँग टेस्टर बाराशे रुपयांत मिळतोय. तोच घेऊ का? मल्टिमीटर वेगळा लागतो का?"

काका म्हणालास म्हणून एकेरीत लिहितो. तो बाराशेचा टाँग टेस्टर, म्हणजे वायर जबड्यात धरून करंट मोजणारा मीटर, घेऊ नकोस. मीटर वाईट नसेल, पण तो आपल्या कामाचा नाही.

लातूरला दुकान टाकलं त्या वर्षी मी नेमका असाच मीटर आणला होता. पहिल्याच आठवड्यात एक तवेरा आली. वूफर वाजत होता, पण दम नव्हता. अँपच्या (अँप्लिफायरच्या) मेन वायरला टाँग लावला, काटा शून्यावर. आवाज वाढवला तरी शून्य. मी ठरवून टाकलं की अँप करंटच घेत नाही, आतून गेलाय. गिऱ्हाइकाला तसं सांगितलं, अँप उतरवून रिपेअरला पाठवला. आठ दिवसांनी तो 'ओके आहे' म्हणून परत आला. दोष एका ढिल्या थिंबलमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबलेल्या कडीत होता. त्या माणसाच्या घरात त्याच आठवड्यात लग्न होतं आणि गाडी आवाजाविना फिरली. ते मला अजून लागतं.

झालं काय होतं ते समजून घे. साधा टाँग टेस्टर म्हणजे आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. जबड्यातून जाणाऱ्या वायरभोवतीचं चुंबकीय क्षेत्र सतत बदलत असेल तरच त्याच्या गुंडाळीत व्होल्टेज तयार होतं. घरच्या लाइनीत करंट सेकंदाला शंभर वेळा दिशा पलटतो, म्हणून तिथे तो बरोबर मोजतो. गाडीत बॅटरीचा करंट एकाच दिशेला वाहतो. वायरीतून ६० अँपिअर जात असले तरी त्या ट्रान्सफॉर्मरला त्याचा पत्ता लागत नाही. डीसी मोजायला जबड्यात हॉल सेन्सर लागतो. तो स्थिर चुंबकीय क्षेत्रही ओळखतो, आणि त्याच्यामुळेच मीटर महाग होतो.

काउंटरवर ओळखायचं कसं? डायलवर 'अँपिअर'च्या अक्षराजवळची खूण बघ. नुसती नागमोडी रेघ असेल तर फक्त एसी. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसी. दुसरी खूण म्हणजे शून्य करायचं बटण, 'झिरो' (ZERO) किंवा 'रेल' (REL) लिहिलेलं. डीसी टाँगला ते लागतंच. खोक्यावर 'एसी/डीसी' छापलेलं आहे एवढ्यावर जाऊ नकोस. पुष्कळदा ते व्होल्टेजबद्दल असतं, करंट मात्र एसीच. आपल्याकडे घरोघरी दिसणारा डीटी-२६६ या जातीचा मीटर असाच आहे, हजार अँपिअरचा पण एसीचा. नावाजलेली कंपनी असली म्हणूनही भुलू नकोस. फ्लूकचा ३०२+ मजबूत मीटर आहे, वायरमनच्या हातात शोभतो, पण करंट फक्त एसी मोजतो. त्यामुळे कंपनीच्या आधी ती खूण बघ.

डीसी टाँगमध्ये आपल्या धंद्यात दोन मीटर जास्त दिसतात, युनि-टीचे यूटी२१०ई आणि यूटी२०३. दोन्ही मी वापरलेत. २१०ई हातात मावणारा, छोटा. त्याच्या सर्वांत लहान रेंजवर एक मिलिअँपिअरचा फरक दिसतो, वर मात्र तो १०० अँपिअरला थांबतो. जबडा १७ मिलिमीटरचा. चार गेजची वायर आरामात जाते, झिरो गेजची जाड इन्सुलेशनवाली वायर घासून जाते, आणि वर जाळी चढवलेली असेल तर जातच नाही. २०३ चा जबडा मोठा आणि तो ४०० अँपिअरपर्यंत जातो, पण खालच्या टोकाला १० मिलिअँपिअरपेक्षा बारीक दिसत नाही.

तुझ्याकडे गाड्या कोणत्या येणार यावर निवड कर. हिशोब सोपा आहे. ५०० वॅटचा क्लास डी अँप साधारण ८० टक्के कार्यक्षम धरला, तर १३.८ व्होल्टला तो पूर्ण जोरात ४५ अँपिअरच्या आसपास ओढतो. हजार वॅटला ९०. स्विफ्ट, बोलेरो, क्रेटा, एखादा वूफर, चार दरवाजांचे स्पीकर असं काम असेल तर २१०ई पुरतो. लग्नसराईच्या डीजेच्या गाड्या नि तीन-चार हजार वॅटचे अँप बसवायचे असतील तर २०३ सारखाच हवा. माजलगावच्या भागात ऊस हंगामात ट्रॅक्टरवाले स्पीकर बसवायला येतील, पण त्यांचे अँप बहुतेक छोटे असतात. तिथे प्रश्न करंटचा कमी आणि धूळ-हादऱ्याने ढिल्या झालेल्या जोडांचा जास्त असतो.

डीसी टाँग वापरताना एक गोष्ट या धंद्यात सांभाळावीच लागते. वूफरच्या मागे मोठं मॅग्नेट असतं. डिक्कीत वूफरच्या पेटीजवळ टाँग धरलास तर हॉल सेन्सर त्या मॅग्नेटचंही क्षेत्र मोजतो आणि वायरीत काही नसताना तीन-चार अँपिअर दाखवतो. म्हणून मोजायचं बोनेटमध्ये, बॅटरीजवळ. आधी जबडा रिकामा ठेवून, त्याच जागी, त्याच दिशेला धरून शून्य कर, मग वायर आत घे. जबड्यात एकच वायर यायला हवी. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही एकत्र आल्या की करंट एकमेकांना खोडतात. जबड्याच्या तोंडाला माती किंवा ग्रीस लागलं तर तो नीट मिटत नाही आणि आकडा चुकतो. आपली काळी माती बारीक, कुठेही शिरते. फडक्याने पुसत जा.

आता खरी गोष्ट. टाँगच्या आधी मल्टिमीटर घे, आणि तो चांगला घे. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ व्होल्टेजच्या पडीत, म्हणजे वायरीत आणि जोडांत वाया जाणाऱ्या व्होल्टेजमध्ये असतं, आणि ती पकडायला टाँग उपयोगाचा नाही.

एक बोलेरो आली होती अहमदपूरकडून. जोरात लावलं की अँप प्रोटेक्टमध्ये जायचा, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडायचा, लाल लाइट. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, एका ठिकाणी तर नवीन बॅटरीही घालून दिली होती. मी गाडी चालू ठेवून, वूफर वाजत ठेवून मोजलं. बॅटरीवर १३.६ व्होल्ट, अँपच्या टर्मिनलवर ११.४. म्हणजे सव्वादोन व्होल्टच्या जवळपास वाटेत जात होते. मग एकेक बाजू मोजली. बॅटरीच्या प्लसपासून अँपच्या प्लसपर्यंत ०.६ व्होल्ट. वायर थोडी बारीक होती, पण चालून जाण्यासारखी. अँपच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत १.६ व्होल्ट. अर्थिंग सीटच्या बोल्टला मारली होती, रंग न खरवडता. वाजताना ४५ अँपिअर जात होते. १.६ ला ४५ ने गुणलं की ७२ वॅट होतात, तेवढी उष्णता त्या एका बोल्टखाली तयार होत होती. हात लावला तर चटका बसत होता. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून, दाताचा वॉशर घालून नवीन जागी अर्थिंग दिली. पड ०.१ व्होल्टच्या खाली आली आणि लाल लाइट गेला.

आता कुणी विचारेल, अर्थिंग ओहमवर ठेवून किंवा बजरवर का तपासायची नाही? त्या खराब बोल्टचा रोध निघतो १.६ भागिले ४५, म्हणजे ०.०३६ ओहम. मीटरच्या वायरींचाच रोध ०.२ ते ०.५ ओहम असतो. त्या गोंधळात ०.०३६ दिसणारच नाही. बजर आनंदाने वाजेल आणि तू अर्थिंग चांगली म्हणून पुढे जाशील. बजरचा उपयोग कोणती वायर कुठे जाते एवढंच शोधायला. जोड चांगला आहे की नाही हे करंट वाहत असतानाच कळतं.

व्होल्टेजही तसंच फसवतं. चांगल्या मीटरचा आतला रोध १० मेगाओहम असतो, तो जवळपास करंट घेतच नाही. वीस तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी तो १२.६ दाखवेल. म्हणून मी खिशात २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरी लावून ठेवतो. तो लोड म्हणून जोडायचा आणि मग व्होल्टेज बघायचं. आकडा खाली पडला तर वायर आतून गेलेली. हा बल्ब फक्त मेन सप्लाय, फ्यूज नि अर्थिंगला लावायचा. ईसीयूकडे (गाडीच्या कॉम्प्युटरकडे) जाणाऱ्या बारीक सिग्नलच्या वायरींना लावायचा नाही, तिथे नुकसान होतं.

मल्टिमीटर निवडताना काय बघायचं? मिलिव्होल्टची डीसी रेंज हवी. आकडा लवकर स्थिरावायला हवा. 'मिन-मॅक्स' (सर्वांत कमी आणि जास्त आकडा धरून ठेवणारी सोय) असेल तर उत्तम, कारण स्टार्टर मारताना बॅटरी कुठपर्यंत खाली गेली हे डोळ्याने पकडता येत नाही. वायरींचा रोध वजा करायचं बटण असेल तर व्हॉइस कॉइल (स्पीकरच्या आतली गुंडाळी) मोजायला बरं. चार ओहमचा स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.७ च्या आसपास दाखवतो. वायरीचाच अर्धा ओहम त्यात मिसळला तर नवीन मुलगा गोंधळतो. दहा अँपिअरची सोय असावी आणि तिला फ्यूज असावा. फ्लूकचा १०१ छोटा, टिकाऊ, पण त्यात करंट मोजायची सोयच नाही. ते माहीत असून घेतलास तर ठीक. नाशिकच्या मोटवाने आणि रिषभ, तसंच मेको यांचे मीटर आपल्याकडे सर्व्हिसच्या दृष्टीने सोयीचे पडतात.

पिवळा डीटी-८३०डी तुझ्याकडे असेलच. तो फेकू नकोस, बारा व्होल्ट आहेत की नाहीत एवढं बघायला पुरतो. पण त्याच्यावर साउंड सेट करू नकोस. त्याच्या एसीच्या रेंजा दोनच, २०० आणि ७५०. शिवाय त्याच्या एसीच्या वाटेत डीसी अडवणारा कपॅसिटर नसतो. हे स्वतः करून बघ: मीटर एसी २०० वर ठेव आणि गाडीच्या बॅटरीला लाव. खरं तर शून्य यायला हवं. हा मीटर एका बाजूने २५-२८ च्या आसपास दाखवतो आणि वायरी उलट्या केल्या की शून्य. आता विचार कर, याच्यावर अल्टरनेटरचा रिपल, म्हणजे डीसीत मिसळलेला थोडा एसी, कसा मोजणार? टेपमधून गाडीच्या रेसबरोबर चढणारी शिट्टी येते तेव्हा आपण बॅटरीवर एसी व्होल्टेज मोजतो. ते ०.१ व्होल्टच्या खाली असायला हवं. अर्ध्या व्होल्टवर गेलं तर अल्टरनेटरच्या डायोडवर संशय घ्यायचा, नाहीतर अर्थिंग आणि आरसीए वायरीकडे (टेपपासून अँपपर्यंतच्या सिग्नलच्या वायरीकडे) वळायचं. नवीन मीटर घेताना दुकानाबाहेर उभ्या गाडीच्या बॅटरीवर ही तपासणी करूनच पैसे दे. शून्याजवळ राहिला तरच पुढचं बोलणं.

गेन, म्हणजे अँप किती वाढवतो ते ठरवणारी खुंटी, लावायलाही मल्टिमीटरच. अँपची आरएमएस (सतत देता येणारी) पॉवर गुणिले स्पीकरचे ओहम, त्याचं वर्गमूळ म्हणजे आपल्याला हवं ते व्होल्टेज. ७५ वॅट आणि ४ ओहमला १७.३ व्होल्ट, ३०० वॅट आणि २ ओहमला २४.५ व्होल्ट. स्पीकर काढून ठेव, बास बूस्ट आणि इक्वलायझर बंद, टेपचा आवाज पाऊणभर, वूफरसाठी ५० हर्ट्झचा टेस्ट टोन, आणि अँपच्या आउटपुटवर तेवढं एसी व्होल्टेज येईपर्यंत गेन हळूहळू वाढव. दरवाजाच्या स्पीकरसाठी लोक १००० हर्ट्झचा टोन घेतात. इथे मीटरचं माहितीपत्रक वाच. कितीतरी स्वस्त मीटर एसीला ४०० हर्ट्झपर्यंतचीच हमी देतात. त्याच्या पुढे आकडा कमी येऊ शकतो, आणि तू गेन गरजेपेक्षा जास्त चढवून ट्विटर जाळशील.

'ट्रू आरएमएस' म्हणून दुकानदार जास्त पैसे मागेल. स्वच्छ टोनला साधा मीटरही बरोबर मोजतो. फरक पडतो तो अँपला झेपेना म्हणून आवाजाची लाट वरून कापली गेल्यावर. पूर्ण चौकोनी झाली तर साधा मीटर ११ टक्के जास्त दाखवतो. मिळालं तर घे, पण मिलिव्होल्टची रेंज किंवा फ्यूज सोडून त्याच्या मागे जाऊ नकोस. कापली गेलेली लाट बघायची तर पुढेमागे छोटा ऑसिलोस्कोप घे, ते काम कुठलाच मीटर नीट करत नाही.

बॅटरी उतरण्याच्या तक्रारीही भरपूर येतात. आषाढीला घरातली माणसं दिंडीबरोबर पायी पंढरपूरला जातात, गाडी पंधरा दिवस उभी. परत आल्यावर स्टार्टर टक टक करतो. अशा एका स्कॉर्पिओत कुणीतरी अँपची रिमोटची (टेपबरोबर अँप चालू-बंद करणारी) वायर कायमच्या प्लसला जोडून ठेवली होती. अँप रात्रंदिवस चालू, न वाजताही ०.९ अँपिअर. दिवसाला साडेएकवीस अँपिअर-तास झाले. साठ-सत्तरच्या बॅटरीला तीन दिवस पुरे. हे मोजायला बॅटरीच्या निगेटिव्ह वायरीला टाँग लावून गाडी लॉक करायची आणि अर्धा तास थांबायचं, कारण गाडीतले कंट्रोलर हळूहळू झोपतात. पहिल्या मिनिटाचा आकडा बघून निष्कर्ष काढायचा नाही. २० ते ५० मिलिअँपिअर राहिले तर चालतं. इथे २१०ई चा बारीक आकडा कामाला येतो. मोठ्या टाँगवर मोजायचं असेल आणि वायर पातळ असेल तर तिचे पाच वेढे जबड्यातून काढायचे आणि आकड्याला पाचने भागायचं.

हेच काम मल्टिमीटर बॅटरीच्या वाटेत जोडूनही करतात. पण मग ती चूक होते जिने मी दोन मुलांचे हात भाजलेले पाहिलेत. करंट मोजून झाल्यावर लाल पिन १० अँपिअरच्या भोकातच राहते, आणि तोच मीटर व्होल्टेज बघायला बॅटरीच्या दोन टोकांना लावला जातो. त्या भोकात मीटर म्हणजे नुसती जाड तार. बॅटरी शेकडो अँपिअर सोडते. फ्यूज असेल तर तो उडून जीव वाचतो. पिवळ्या ८३० ला त्या भोकात फ्यूजच नाही, तसं त्याच्यावरच लिहिलेलं असतं. वायरी वितळतात. करंट मोजून झाला की आधी पिन जागेवर आणायची, मग मीटर खाली ठेवायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लाव. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार कधीच घालू नकोस. मीटर जोडलेला असताना कुणाला स्टार्टरही मारू देऊ नकोस.

आणखी दोन जागी मीटर लावायचाच नाही. स्टिअरिंगखाली किंवा सीटखाली पिवळे कनेक्टर दिसतात ते एअरबॅगचे. तिथे ओहम किंवा बजर लावलास तर मीटरचा स्वतःचा करंट त्या सर्किटमध्ये जातो, एअरबॅग फुटू शकते. आणि इलेक्ट्रिक गाड्या आता माजलगावातही येतील. नारिंगी केबलमध्ये शेकडो व्होल्ट डीसी असतात. आपलं काम बारा व्होल्टच्या बॅटरीपुरतं, नारिंगीला हात नाही. त्या गाड्यांत अल्टरनेटर नसतो, डीसी-डीसी कन्व्हर्टर बारा व्होल्टची बॅटरी भरतो. म्हणून मोठा अँप घालण्याआधी कन्व्हर्टरची क्षमता विचारून घ्यायची. नव्या पेट्रोल-डिझेल गाड्यांतही चार्जिंग कमी-जास्त होतं, साडेबारा दिसलं म्हणून लगेच अल्टरनेटर खराब म्हणू नकोस. ट्रकवाला आला तर वायर सोलण्याआधी बॅटरी मोज, तिथे २४ व्होल्ट असतात.

उन्हाळ्यात मीटर डॅशबोर्डवर ठेवू नकोस. आपल्याकडे बाहेरच ४२-४३ असतं, बंद गाडीत डिस्प्ले काळा पडतो. सेलचं चिन्ह लुकलुकायला लागलं की सेल बदल, उतरलेल्या सेलवर बरेच मीटर चुकीचा आकडा दाखवतात.

तुझ्या सहा हजारांचं म्हणशील तर पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा हैदराबादच्या कोठीत जाणारा कुणी असेल तर त्याच्याकडून भाव काढ, आणि ऑनलाइनशी ताडून बघ. मिलिव्होल्ट, मिन-मॅक्स आणि फ्यूज असलेला मल्टिमीटर आधी घे. उरलेल्यात २१०ई बसला तर तोही घे. नाही बसला तर पहिल्या चार-पाच कामांच्या पैशातून घे, तोवर व्होल्टेजची पड मोजून तुझं काम भागेल. त्या बाराशेच्या टाँगमध्ये मात्र एक रुपयाही घालू नकोस.

एक वस्तू विकत मिळत नाही, ती घरीच बनव. सहा मीटर लवचीक वायर, एका टोकाला चांगला क्रोकोडाइल क्लिप, दुसऱ्या टोकाला मीटरमध्ये बसणारी पिन. बॅटरी बोनेटमध्ये आणि अँप डिक्कीत, मीटरची मूळ वायर तिथपर्यंत पोचत नाही, म्हणूनच बहुतेक लोक अर्थिंगची पड मोजतच नाहीत. वायर लांब झाली म्हणून आकडा बिघडत नाही, १० मेगाओहमपुढे सहा मीटर वायरीचा रोध काहीच नाही. माझी वायर निळी आहे, बारा वर्षांची. दुकानातल्या मुलांना मी पहिल्या दिवशी तीच हातात देतो.